हिरव्या दरवाजाची पावती

२ ऑक्टोबर, गुरुवार

तपासणी-खात्याच्या फोनवरच्या बाईनं सांगितलं, गाडीला कुठला भाग कोणत्या तारखेला बसवला ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. मिस्टर आर्नेंनी दिली. वर मक्याचं कणीस आहे, बियाणं विकणाऱ्यांची जाहिरात. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा अक्षराबद्दल कुणी बोलायचं नाही.

तर गाडी. पांढरी पिकअप, एकोणीस वर्षांची. आधीच्या मालकानं ती खांबावर घातली, उजवी बाजू चेपली. विमावाल्यांनी 'भंगार' असा शिक्का मारून लिलावात काढली, मी उचलली. आता कागदावर ती गाडी नाही, भंगार आहे. राज्याच्या माणसानं तपासून 'दुरुस्त' म्हटलं की पुन्हा गाडी. मधल्या काळात ती काय असते, असं त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "थांबा हं," आणि गाणं लावून दिलं. गाणं संपलं, बाई आली नाही.

गाडी आईसाठी आहे. दोन वर्षांपूर्वी तिची गाडी मी ओढ्यात उलटी केली आणि दुसऱ्या दिवशी बस धरली. तेव्हापासून टेनेसीत कोंबड्या कापल्या, ओक्लाहोमात पवनचक्क्यांचे नटबोल्ट आवळले, आता इथं उत्तरेच्या माळावर साखरेच्या बिटांचे ढीग लावतो. चार महिन्यांच्या वर कुठं टिकलो नाही. आई तिकडे केंटकीच्या डोंगरातच. चौदा मैलांवरच्या वृद्धाश्रमात कामाला जाते, शेजारची फर्न तिला नेते-आणते. पण ३० नोव्हेंबरला फर्न कायमची मुलीकडे राहायला चाललीय. आमच्या खोऱ्यात बस नाही. १ डिसेंबरला आई कामावर पोचली नाही की काम गेलं. म्हणजे त्याच्या आत गाडी तिच्या दारात उभी हवी, आणि कागद धड हवेत.

ते झालं की मी सुटलो. अलास्काला जाणार, मासळीच्या बोटीवर.

आज बसवलं: रेडिएटर, डावा हेडलाइट. पावत्या आहेत.

५ ऑक्टोबर, रविवार

पाऊस, त्यामुळे बीट बंद. बॉनेट ठोकून सरळ केलं.

मिस्टर आर्ने म्हणजे ज्यांच्या शेडमध्ये गाडी आहे आणि ज्यांच्या माडीवर मी. वय अठ्ठ्याहत्तर. पणजोबा नॉर्वेहून आले होते, पण बोलणं अजून तिथल्या बर्फातून उकरून काढल्यासारखं, शब्दाला शब्द चिकटत नाही. कुठलीही गोष्ट कितीही चांगली असो, "वाईट नाही" याच्या वर जात नाहीत. बायको, सॉल्वेग, सहा वर्षांपूर्वी गेली. ऑगस्टात खोली भाड्यानं घेतली तेव्हा जेवणाचं काही ठरलं नव्हतं. पण पहिल्याच संध्याकाळी टेबलावर दोन ताटल्या. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्यापुरतं शिजत नाही. भांडं मोठं आहे."

मी म्हटलं, छोटं भांडं घ्या की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी ट्रॅक्टर विकायला सांगितला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तपासणी महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी, रस्ते-खात्याच्या शेडमध्ये. आज पहिली पाळी. लवकर उठलो, गाडी पुसली, एकोणीस मैल झकास चालवत नेली. उजवा दरवाजा दोरीनं बांधला होता, पण बाकी एक खडखड नाही.

तपासणारी बाई, सार्जंट क्वेड. हातात पाटी, टोपी अगदी सरळ.

"गाडी इथं आली कशी?"

"चालवत आणली, मॅडम!" मी एकदम ऐटीत.

"पास न झालेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही."

"पास करायलाच तर आणलीय."

"ट्रॉलीवर घालून आणायची. नाहीतर टोचन करून."

"मग ती बंद असली तरी चालते?"

"नाही. चालू स्थितीतच हवी. चालणारी हवी, चालवलेली नको."

हे मी मनात तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर वाटायला लागलं, तेव्हा भीती वाटली.

"बरं, आलीच आहे तर बघून टाका."

"बेकायदा आलेली गाडी तपासता येत नाही."

"मग परत घेऊन जातो."

"चालवत?" तिनं पेन उचललं. "दंड लिहू?"

म्हणजे गाडीला तिथं थांबता येईना, जाता येईना. मिस्टर आर्नेंना फोन केला. अडीच तासांनी ते ट्रॅक्टरला गवताच्या गंजीची ट्रॉली जोडून आले, मागे त्रिकोणी फलक वगैरे सगळं. उतरले. सार्जंटकडे बघितलं.

"थंडी पडली," आर्ने म्हणाले.

"पडली," सार्जंट म्हणाली.

"वाईट नाही."

"नाही."

झाली ओळख. फळ्या लावून गाडी वर चढवली. ताशी पंधरा मैलांनी घरी आलो. मी ट्रॉलीवर, गाडीत, स्टीअरिंग धरून बसलो होतो. रस्त्यावरची माणसं हात करत होती. मीही केला. दुसरं काय करणार?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उजवा दरवाजा मिळत नाही. तीन भंगारवाले पालथे घातले. दोरी चालणार नाही, असं सार्जंटनं जाताना बजावलं होतं.

संध्याकाळी बिटांवरून आलो तर गाडीला टेकून एक दरवाजा उभा. हिरवा, उजवा, अगदी याच बनावटीचा. माझ्या लगेच लक्षात आलं. घरामागं वाऱ्याला आडोसा म्हणून झाडांच्या रांगा लावल्यात, त्यात जुनी अवजारं पडून असतात. तिथं सॉल्वेगबाईंची हिरवी पिकअप आहे. त्या गेल्यापासून त्या गाडीला कुणी हात लावलेला नाही. मी एकदा आरसा मागितला होता तर म्हाताऱ्यानं विषय बदलून हवामान काढलं होतं.

"हा दरवाजा?"

"झाडांत गवत कापायचं होतं. आडवा येत होता."

मी जाऊन बघून आलो. गवत गुडघाभर तसंच उभं आहे. आणि दव गोठायला लागल्यावर गवत कापतं कोण? म्हातारा काहीतरी लपवतोय, पण काय ते कळलं नाही.

"काय घ्याल त्याचं?"

"काही नाही."

"फुकट नको मला." आमच्या डोंगरात फुकटचं घेतलं की सात पिढ्या ऐकवतात.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे कॉफी ओत."

आज बसवलं: उजवा दरवाजा. बिजागऱ्या तंतोतंत बसल्या. पावती नाही. हे खटकतंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

देव आहे. पहाटे आम्हाला बिटांच्या यार्डावर नेणाऱ्या व्हॅनला हरिणी आडवी आली. व्हॅनला ओरखडा, हरिणी जागच्या जागी गेली. शिकार-खात्याचा कर्टिस बोन म्हणून माणूस आहे, तो आला. रस्त्यावर मेलेलं हरीण उचलायला दाखला लागतो. गंमत अशी की त्या दाखल्याचं नाव माझ्या गाडीच्या दाखल्याचंच. हरीण काय, पिकअप काय, राज्याच्या लेखी दोन्ही भंगार. व्हॅनमधल्या कुणालाच नको होतं. मी म्हटलं, माझ्या नावानं लिहा. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी हरीण सोलायला शिकतात.

संध्याकाळी मागचा उजवा फरा, म्हणजे अख्खी मांडी, मिस्टर आर्नेंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हा घ्या. दरवाजा फिटला."

त्यांनी फऱ्याकडे बघितलं. "मोठा आहे."

"दरवाजाही मोठाच आहे."

मग ताबडतोब पावती केली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक पावती: 'मिळाला: उजवा दरवाजा, हिरवा, एक. दिला: हरणाचा मागचा फरा, उजवा, एक. देवाणघेवाण पूर्ण. १७ ऑक्टोबर.' उजव्याला उजवा, हे मुद्दाम. माझी सही, खाली आर्नेंची. त्यांनी न वाचताच केली.

"वाचा तरी."

"तू लिहिलंयस ना?"

"हो."

"मग झालं."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज ट्रॉलीवरून गेलो. नियमानं. सार्जंटनं ट्रॉलीचे दिवेसुद्धा तपासले, वाईट नाहीत.

आधी गाडीचा नंबर. मी फॉर्मवर एका ठिकाणी 'ओ' अक्षर काढलं होतं.

"या नंबरात ओ कधीच नसतो. शून्य असतं."

"मला दोन्ही सारखीच दिसतात, मॅडम."

"राज्याला दिसत नाहीत."

ओ खोडलं, शून्य काढलं. हुबेहूब तेच दिसत होतं. तिचं समाधान झालं.

मग पावत्या. रेडिएटर, ठीक. हेडलाइट, ठीक. दरवाजाची पावती तिनं वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, लावला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"हे काय आहे?"

"पावती, मॅडम. उजवा दरवाजा."

"हरणाचं मांस विकणं किंवा कशाच्या बदल्यात देणं गुन्हा आहे."

"विकलं कुठं?"

"इथं लिहिलंय. वस्तू आहे, तारीख आहे, दोन सह्या आहेत. आत्तापर्यंत माझ्याकडे आलेली ही सगळ्यात पूर्ण पावती आहे."

"थँक्यू, मॅडम."

"म्हणूनच मला ती शिकार-खात्याला पाठवावी लागणार."

प्रत्येक भागाची पावती आणा म्हणाले, आणली. खोटी आणली असती तर गाडी आज रस्त्यावर असती. पुढची तारीख १३ नोव्हेंबर. त्यानंतरची विचारली तर २७, पण तो थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, खातं बंद. म्हणजे तेरा, नाहीतर आईचं काम गेलं.

त्या बाईचं तोंड म्हणजे जानेवारीतलं शेडचं दार. ओढा, लाथ मारा, उघडत नाही. युनिफॉर्मला इस्त्री करून त्यातच झोपत असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

आईला फोन केला. म्हटलं, गाडी तयारच आहे, आत्ता येतो.

"कुठला आत्ता? तुझा का तुझ्या बापाचा? तोही 'आत्ता येतो' म्हणून गेला होता. अकरा वर्षं झाली, कॉफी अजून गार होतेय त्याची."

"फक्त दरवाजाचं थोडं राहिलंय."

"टॉली, एक दरवाजा बसवायला तुला राज्य लागतं?"

मी हरणाचं सांगितलं. ती इतकी हसली की फर्न धावत आली, असा आवाज आला. मग म्हणाली, "गाडीचं नाहीच जमलं तर नको जमू दे. तू तरी ये."

मी म्हटलं, मी येऊन तू कामावर कशी जाणार? पाठीवर नेऊ? त्यावर नुसती नाक शिंकरत बसली. सर्दी झालीय तिला. औषध घे म्हटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कर्टिस बोन दुपारी आला. पट्ट्याला पिस्तूल, काखेत फाईल. नेमके आम्ही जेवायला बसत होतो. आर्नेंनी काही न बोलता तिसरी ताटली मांडली. इथं तिला नाही म्हणणं म्हणजे चर्चमध्ये शिवी देण्यासारखं. बसला बिचारा. मांसाचे गोळे, बटाटे, पांढरी ग्रेव्ही.

दोन वेळा वाढून घेतल्यावर त्यानं फाईल उघडली. "आर्ने, कामाचं बोलू. तो फरा मला जप्त करावा लागणार. कुठाय?"

आर्नेंनी काट्यानं त्याची ताटली दाखवली. "अर्धा तो."

कर्टिसचा घास तोंडातच राहिला. चावावं की थुंकावं, कळेना. शेवटी गिळला.

"तू मला पुरावा खायला घातलास?"

"तू मागितलास दुसऱ्यांदा."

"मी आता लिहू काय? साहेब विचारतील, मुद्देमाल कुठाय? सांगू, घरी घेऊन चाललोय, पोटातून?"

"उरलेल्याचे सॉसेज केलेत," आर्ने म्हणाले. "धुरावर आहेत. हवेत तर ने."

कर्टिसनं तोंड पुसलं. मग फाईल मिटली आणि माझ्याकडे वळला. "ऐक, केंटकी. मांस भेट द्यायला कायदा आडवा येत नाही. तू फरा भेट दिलास. याआधी कधीतरी यानं दरवाजा भेट दिला. दोन वेगळ्या भेटी. दोघींची एकमेकींशी ओळखसुद्धा असता कामा नये. तसं नोटरीसमोर लिहून आण, मी माझं पान बंद करतो."

"पण मी तर बदल्यात दिला होता."

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले.

जाताना त्यानं ग्रेव्ही कशी केली ते विचारून घेतलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

गावातल्या बँकेत गेलो. तिथली आर्डिस नोटरी आहे. चर्चच्या जेवणाला कोण काय रांधून आणणार, ती यादीही तीच ठेवते, त्यामुळे सगळा गाव तिला दबकून असतो.

फॉर्म दोन पानी. दरवाजा ज्या गाडीचा तिचा नंबर, मालकाचं नाव. आर्नेंनी घडी घातलेला जुना कागद काढला. मालक: सॉल्वेग लोफ्थस.

"आर्ने," आर्डिस हळूच म्हणाली, "हे तुम्ही बदलून घेतलंच नाहीत का?"

"राहिलं."

"मग या चौकटीत खूण करावी लागेल. इथं, 'मालक मयत'."

आर्नेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पेन घेतलं. ते चौकटीवर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग म्हणाले, "पेन चालत नाही."

आर्डिसनं दुसरं दिलं. त्यांनी खूण केली. नंतर मी पहिल्याच पेनानं सही केली, चांगलं चालत होतं. म्हाताऱ्याला दिसत नसेल नीट.

मग खरा घोळ. खाली एक चौकट: 'भेट देणारा व घेणारा यांचं नातं'. ही कोरी सोडली तर फॉर्म परत येतो.

"काय लिहू?" मी विचारलं. "भाडेकरू?"

"भाडेकरूला भेट म्हणजे धंदा समजतात," आर्डिस म्हणाली. "मित्र लिहा."

"माझ्यापेक्षा पंचावन्न वर्षांनी लहान आहे," आर्ने म्हणाले. त्यांना खोटं चालत नाही. ऊन पडलं तरी 'पडल्यासारखं वाटतंय' म्हणणारा माणूस.

विचार करून त्यांनी सावकाश, दाबून लिहिलं: 'जेवायला असतो.'

मी म्हटलं, "मिस्टर आर्ने, हे नातं नाही! ती बाई ओ आणि शून्यावरून अडवते! माझी आई तिकडं..."

"खरं आहे ते," आर्ने म्हणाले.

मी आर्डिसकडे बघितलं, म्हटलं ही तरी सांगेल. तिनं वर न बघता शिक्का मारला. तिलाही सर्दी झाली असावी. साथ आहे सगळीकडं.

९ नोव्हेंबर, रविवार

बिटांचं काम संपलं. पोरांनी पगार घेतला आणि पांगली. शेडच्या छपराचे तीन पत्रे वाऱ्यानं उचकटलेत. मी म्हटलं, हे वसंतात बघायला हवं. आर्ने म्हणाले, "एकट्याचं काम नाही." मी म्हटलं, कुणीतरी मिळेल. ते म्हणाले, "मिळेल," आणि बाहेर थंडी किती आहे बघायला गेले. पाच मिनिटांपूर्वीच बघून आले होते.

हॉर्न फक्त स्टीअरिंग डावीकडे वळवलं की वाजतो. कारण सापडत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी शून्याखाली अकरा अंश. बर्फ भुरभुरत होता. ट्रॅक्टरवर आर्ने, ट्रॉलीवर गाडी, गाडीत मी.

सार्जंट क्वेडनं दिवे बघितले. ब्रेक बघितले. "हॉर्न." मी दाबला. शांतता. मी चाक डावीकडे वळवून दाबला. वाजला.

"उजवीकडे वळताना?"

"उजवीकडे सहसा कुणी मध्ये येत नाही, मॅडम."

तिनं फॉर्मवर बोट फिरवलं. "इथं 'हॉर्न वाजतो का' एवढंच आहे." लिहिलं: वाजतो.

मग कागद. शिकार-खात्याचं पत्र, पान बंद. नोटरीचं पत्र. ती थांबली.

"तुमच्या पावतीवर सतरा ऑक्टोबर आहे. हरीणही सतराचं. दरवाजा कधी दिला?"

"चौदाला."

"पुरावा?"

"वहीत आहे," तोंडातून निघून गेलं. आणि मग वहीत आणखी काय काय आहे ते आठवलं.

तिनं हात पुढं केला.

"खाजगी आहे मॅडम ती."

"भागांच्या तारखांची वही खाजगी नसते."

दिली. तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. उभ्यानं, हातमोजा काढून, बोटाला थुंकी लावून पान उलटत. आर्ने ट्रॅक्टरला टेकून बर्फ बघत होते. मी देवाचं नाव घेत होतो. ती तेवीस ऑक्टोबरला पोचली ते मला तिच्या भुवयांवरून कळलं.

"तेवीस तारखेच्या नोंदीत गाडीच्या भागांबद्दल फारसं काही नाही," ती म्हणाली.

"नाही, मॅडम."

"शेडच्या दाराला थंडीआधी खालच्या पट्टीवर मेण चोळायचं. उघडतं."

"हो, मॅडम."

पुढं वाचत गेली. पाच नोव्हेंबरच्या पानावर उगाच जास्त थांबली. घरी येऊन मी ते पान तपासलं, त्यात तिच्याबद्दल एक शब्द नाही. मग मागं गेली, चौदा ऑक्टोबर पुन्हा वाचलं.

"चौदाला यांनी दरवाजा दिला. काही नको म्हणाले. हरीण सतराला मेलं. जे हरीण अजून जिवंत फिरतंय, त्याच्या फऱ्याच्या बदल्यात दरवाजा देता येत नाही. म्हणजे भेट."

"पण मॅडम, मी फरा देताना..." मी सुरू केलं. आर्ने खोकले. मी गप्प.

"आता ही चौकट." तिनं आर्नेंसमोर कागद धरला. "'जेवायला असतो.' हे नातं आहे?"

"रोज," आर्ने म्हणाले.

ती कागदाकडे बघत राहिली. बर्फ तिच्या सरळ टोपीवर साठत होता. माझी आई, फर्न, वृद्धाश्रम, चौदा मैल, सगळं त्या चौकटीत अडकलेलं.

"चौकट कोरी सोडू नये, एवढाच नियम आहे," ती शेवटी म्हणाली. "कोरी नाहीये."

आणि शिक्का मारला. धप्प.

वही परत देताना म्हणाली, "इस्त्री सकाळी करते. झोपताना नाही."

मी पास झालेली गाडी फळ्यांवरून खाली उतरवली. आता चालवता येते! आर्ने रिकामी ट्रॉली घेऊन पुढं, मी मागं. एकोणीस मैल ताशी पंधरानं आलो. ओलांडून पुढं जाता आलं असतं, पण बरं दिसलं नसतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निघालो. आर्ने गाडीभोवती फिरले.

"तेल बघितलंस?"

"तीनदा."

"पाणी?"

"बघितलं."

"वारा वायव्येचा आहे. पाठीवर घेशील."

"हो."

"बरं मग." त्यांनी हिरव्या दरवाजावर बोटांनी दोनदा टकटक केलं, जसं आत कुणी आहे. मग शेडमध्ये गेले, बहुतेक पत्रे बघायला. हात करायला बाहेर आलेच नाहीत. मी डावीकडे वळताना हॉर्न वाजवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरी. गाडी बारा दिवस आधी दारात.

आई बाहेर आली, कमरेवर हात. एक फेरी मारली.

"एक दार हिरवं का रे?"

"मोठी गोष्ट आहे."

"तू कुठली छोटी गोष्ट केलीयस?" असं म्हणाली आणि माझे कान असे धरले जसा मी सहा वर्षांचा आहे. मग स्वतः चालवायला बसली, मला हिरव्या दारापाशी बसवलं, आणि फर्नला दाखवायला निघाली. हॉर्नचं कळल्यावर तीन ठिकाणी विनाकारण डावीकडे वळली.

सामान उतरवताना सीटमागं पुडकं सापडलं. पांढरा कागद, दोरी, वर आर्नेंची पेन्सिल: 'फरा, उजवा, राहिलेला. तुझ्या आईला.' आत सॉसेज, धुरावरचे.

आईनं तळले. फार चांगले म्हणाली. मी घास सोडून उरलेले सॉसेज मोजायला लागलो. "आता काय झालं?" आई म्हणाली.

"अगं, अर्धा फरा परत आला. म्हणजे अर्धा दरवाजा फुकट झाला."

"भेट होता ना तो? तूच म्हणालास, शिक्का आहे."

"तो राज्यासाठी. मनात तर बदल्यात होता. आता हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं?"

आईनं माझ्या ताटलीत आणखी एक वाढला. "मग काय करणार?"

विचार केला. अर्धा दरवाजा म्हणजे पत्र्याचं काम केलं तर फिटेल, साधारण तीन पत्रे. मार्चपर्यंत इथं आईचं लाकूड फोडून देतो, मग बसनं जाईन. फक्त तेवढ्यासाठी. अलास्का कुठं पळून जात नाही. ज्या गावातून एकदा निघालो तिथं परत कधी गेलेलो नाही, पण त्याला इलाज नाही. देवाणघेवाण अर्धवट ठेवता येत नाही.

आर्नेंना फोन केला. बराच वेळ वाजला.

"दरवाजाचं अर्धं राहिलंय," मी म्हटलं. "मार्चमध्ये येतो. पत्रे मी एकटा... म्हणजे दोघं मिळून बसवू."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," आर्ने म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे भांडं मोठंच आहे."

मी दरवाजाचं बोलतोय, आणि म्हातारा भांड्याचं.